खडूची खोली

शाळेत गणिताच्या बाई म्हणायच्या, पुढे पावलोपावली उपयोगी पडेल. मला तेव्हाच शंका यायची. पडेल खरं, पण कुणाच्या? लग्न झालं ते गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या माणसाशी. केंद्र सरकारात इंजिनिअर. इमारतींचे नकाशे तपासण्यात यांचा जन्म गेला. मुलीचा अभ्यास असो की घरात पंखे किती लागतील हे ठरवणं, सगळं गणित यांच्याकडे आणि उत्तर ऐकून मान डोलावणं माझ्याकडे. मान डोलावली, तरी विश्वास ठेवायचे असं नाही.

यंदा हे रिटायर होणार, म्हणजे दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडावं लागणार. म्हणून नोएडात एक सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो. सासूबाईही आल्या. वॉकरशिवाय चालता येत नाही, पण हौस दांडगी. तिथला सेल्सवाला तिसरी खोली दाखवत म्हणाला, "ये रहा माताजी का रूम, बिल्कुल हवादार!" सासूबाई खूश. लगेच पलंगावर आडव्या होऊन बघितलं, तर पाय बाहेर. त्यांची उंची जेमतेम पाच फूट. माझ्या मनात पाल चुकचुकली. मग एकेक दिसायला लागलं. खोल्यांना दारंच नव्हती. कपाट नव्हतं. एक अख्खी भिंत आरशाची होती.

"अहो, खोली मोठी दिसावी म्हणून हा पलंग मुद्दाम छोटा करून घेतलाय," मी म्हटलं.

"तू पण ना यार, सगळ्यांवर शक! मी प्लॅन नीट बघितलाय."

नीट बघितलाय, हेच मला खटकलं. दुसऱ्यांच्या नकाशातली वीतभर चूक यांना बसल्या जागी दिसते. इथे कशी नाही दिसली? परतताना गाडीत हे अगदी सहज म्हणाले, "नाहीतरी आई काही महिने नागपूरला दादाकडे राहू शकेल." मागच्या सीटवर सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. ऐकलं की नाही, कळलं नाही. मला सेल्सवाल्याचा आला नव्हता एवढा राग यांचा आला.

रविवारी दुपारी क्वार्टरमागच्या सिमेंटच्या अंगणात मी टेप आणि खडू घेऊन बसले. ब्रोशरमधली ती खोली खऱ्या मापात आखली. रुंदी साडेसहा फूट. एका भिंतीला माणसाचा पलंग, तीन फूट. समोर कपाट, दोन फूट. उरला दीड फूट. दार आत उघडणार, म्हणून दोरीला खडू बांधून पाव वर्तुळ काढलं. शाळेत अशी वर्तुळं काढताना मला झोप यायची.

"आई, जरा आत येऊन बघता?"

सासूबाई वॉकर टेकत दारातूनच आत आल्या, रेघ न ओलांडता. पलंग आणि कपाटाच्या मध्ये पोचल्या आणि थांबल्या. वॉकरचे दोन पाय पलंगावर चढले होते.

मी यांना हाक मारली. हे चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि रेघांकडे बघितलं. हे काय आहे, असं विचारलंच नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दिसलं होतं," हे हळूच म्हणाले. "मला वाटलं, ती जास्त करून नागपूरलाच..."

"अरे, मावते की मी!" सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. "वॉकर बाहेर ठेवीन. भिंतीला धरून चालेन, बघ." त्यांनी वॉकर बाजूला ढकलला आणि भिंतीला धरायला हात पुढे केला.

तिथे खडूच्या रेघेशिवाय काही नव्हतं.

कप फुटल्याचा आवाज आला. हे पलंग तुडवत धावले आणि सासूबाईंना दोन्ही हातांनी धरलं. त्या यांच्या शर्टात तोंड खुपसून म्हणाल्या, "नागपूरला नको रे."

"नाही पाठवत," हे म्हणाले. ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

सोमवारी यांनी मयूर विहारमधल्या एका जुन्या फ्लॅटचा प्लॅन आणला. "ही खोली आईची. आता बिल्कुल बसतंय," म्हणाले. मी प्लॅन यांच्या हातातून घेतला आणि टेप शोधायला उठले.