ताटावर टिंगल नाय

मावशी हसायच्या तेव्हा आधी पदर तोंडावर जायचा आणि मग हसू यायचं. हा क्रम कधी चुकला नाही. औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या खाणावळीत मी नोकरीची पहिली वर्षं जेवलो. पदराआडून नुसते खांदे हलताना दिसायचे. दात पडले असतील, असा आमचा अंदाज होता.

तुम्हीही अशा खाणावळवाल्या पाहिल्या असतील, पण आमच्या मावशींचा कायदा वेगळा होता. वरणाला नावं ठेवा, त्या निमूट ऐकून घेत. मात्र कुणी कुणाची खोडी काढली की पळी पातेल्यावर वाजायची. "ताटावर टिंगल नाय." एका फौजदारालाही त्यांनी असं अर्ध्या वाक्यात गप्प केलं होतं. स्वतः त्या सगळ्यांच्या शेवटी, स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवायच्या. जुन्या वळणाच्या आहेत, असं म्हणून आम्ही हात धुवायचो.

त्या सुमारास पिशोरचे दोघे भाऊ यायला लागले. थोरला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, धाकटा अकरावीला आणि अंगाने भरलेला. त्याने दुसऱ्या भाकरीला हात लावला की थोरला म्हणायचा, "ए पोत्या, बास कर. बाप शेत इकंल." पंगत हसायची आणि पळी वाजायची. थोरला वाईट नव्हता, भावाचे कपडेसुद्धा तोच धुवायचा. पण जिभेला हाड नव्हतं.

धाकटा आधी दुसरी भाकरी घेईनासा झाला. मग पंगत उठल्यावर एकटाच येऊ लागला, आणि मग येईचना. कॉलेज सोडून खोलीत डोक्यावर चादर घेऊन पडून असतो, असं कळलं. "नाटकं हायेत त्याची," थोरला म्हणाला. मावशी पदर खोचून त्यांच्या खोलीवर गेल्या आणि पोराला हाताला धरून घेऊन आल्या. स्वयंपाकघरात, आपल्या जागेशेजारी त्याचं ताट मांडलं.

थोरल्याला ते लागलं. "मावशी, थट्टा करतो वो मी. मायेनं. भाऊ हाय माझा."

"म्हणूनच लागती," मावशी म्हणाल्या. "परक्याचं बोलणं उंबऱ्याबाहेर ऱ्हातं बाबा. घरातलं संगं जेवाय बसतं."

त्याला काही ते पटलं नाही.

पुढे एकदा पैठणहून मावशींची थोरली बहीण आली आणि आमच्याच पंगतीत बसली. कशावरून तरी मावशींना हसू फुटलं. दोन्ही हातांत भाकरीचं टोपलं, त्यामुळे पदर घ्यायला उशीर झाला.

"झाक गं दाताळे," बहीण म्हणाली. "पोरं भिऊन पळतील."

मावशींनी टोपलं खाली ठेवलं, पदर घेतला आणि फौजदाराला गप्प करणारी ती बाई लहान पोरीसारखी भिंतीकडे वळली. मावशींना सगळे दात आहेत, आणि चांगले सरळ आहेत, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. धाकटा कित्येक दिवसांनी पंगतीसमोर बोलत होता. "नाय ओ आजी. मावशींचे दात चांगले हायेत."

"आरं, थट्टा करते मी," बहीण हसली. "लहानपणापासनं करते. मायेनं. बहीण हाय माझी."

थोरल्याचा घास हातातच राहिला. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला फार अवघड जातं. जरा वेळाने तो सरकला, शेजारची जागा हाताने पुसली आणि भावाला म्हणाला, "ये, इथं बस." पोत्या म्हणाला नाही, नावाने हाक मारली. धाकट्याला नाव आहे, हे आम्हाला तेव्हा कुठे कळलं.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या भाकरीपर्यंत यायला धाकट्याला वर्ष लागलं. मावशींचा पदर तर होता तिथेच राहिला.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते दवाखान्यात. खाणावळ कधीच बंद झाली होती. उशाशी धाकटा बसला होता. आता पोट सुटलेला, बायकामुलांचा गृहस्थ. डब्यातला मऊ भात भरवता भरवता तो काहीतरी सांगत होता आणि मावशींना हसू आलं. सलाईन लावलेला हात सवयीने वर निघाला. त्याने तो अलगद धरून खाली ठेवला.

"ऱ्हाऊ द्या मावशी. सुई निघंल."

मावशी तशाच हसल्या. खांदे हलेपर्यंत हसल्या.

माणूस गेल्यावर त्याचे डोळे आठवतात, असं म्हणतात. मला मावशींचे दात आठवतात.