डोक्यावरची टोपी दिसायला हवी

नारिन शहरात नोटरीच्या दारासमोर सालकिनचं छपाईचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं पोट आत घ्यायचं. येणारा प्रत्येक जण घाईत. सालकिन मात्र कागद हातात घेण्याआधी विचारायची, "हे कोण बघणार?" साहेब बघणार म्हटलं की प्रिंटर 'जलद'वर. साहेब कुठं बघतात? शिक्का मारतात नि कपाटात टाकतात. लग्नाची पत्रिका असली की 'उत्तम'वर, मग गिऱ्हाईक कितीही पाय आपटो.

"एजे, यापेक्षा आमचं गाढव जोरात चालतं," कुणीतरी म्हणायचं. एजे म्हणजे ताई, सगळे तिला तशीच हाक मारत.

"मग त्याच्याकडूनच छापून घे," ती म्हणायची.

बावन्न वर्षांची बाई. वाचनालयातली नोकरी गेली, नवरा रशियात कामाला गेला तो तिकडचाच झाला. त्याबद्दल तिनं कुणापुढे डोळ्यांना रुमाल लावला नाही. शिव्या द्यायची त्या प्रिंटरला, त्याही हळू आवाजात.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी तुरात आला. खिंडीपलीकडच्या मेंढपाळाचा थोरला मुलगा. डोळे सुजलेले, काखेत हातभर मोठी रिकामी चौकट.

"एजे, बाबा परवा गेले. आज दुपारी एकच्या नमाजानंतर त्यांना उचलायचं आहे. त्याआधी, बाबांना ठेवलंय त्या तंबूच्या, युर्तच्या, दाराशी फोटो लागला पाहिजे."

बाहेर त्याचा चुलता गाडीचा भोंगा वाजवत होता. गावाला पोचायला दीड तास, आणि घड्याळात सव्वाअकरा होऊन गेलेले.

फोनमधला फोटो एकच, बर्फात उभ्या म्हाताऱ्याचा. सालकिननं चौकटीच्या मापाचा कागद लावला आणि 'जलद'वर छापला. मिनिटात बाहेर आला. तुरातनं हात पुढे केला, पण तिनं कागद सोडला नाही.

छापात म्हाताऱ्याच्या डोक्यावर काही दिसत नव्हतं. मागं बर्फ पांढरा, डोक्यावरचा लोकरीचा उंच टोप, म्हणजे कल्पाक, तोही पांढरा, आणि त्याच्या काठाची बारीक काळी शिवण यंत्रानं घाईत गाळून टाकलेली. जन्मभरात ज्याला कुणी उघड्या डोक्यानं पाहिलं नव्हतं, तो शेवटच्या दिवशी गावापुढे बोडका.

तेवढ्यात चुलता आत आला. "झालं ना? चल."

"काका, टोपी गेलीय," सालकिन म्हणाली.

"लोकांना तोंड माहीत आहे, पोरी. टोपी ज्यानं त्यानं समजून घ्यावी."

"तुम्ही घ्याल समजून?"

चुलत्यानं कागद डोळ्यांजवळ नेला आणि स्वतःच्या कल्पाकाला हात लावला.

तिनं एका तुकड्यावर फोटोतलं नुसतं डोकं मधल्या 'साधं'वर छापून पाहिलं. शिवण आली, पण तुटक, उंदरानं कुरतडल्यासारखी. 'उत्तम'वर पूर्ण मापाला वीस मिनिटं, वर शाई वाळायचा वेळ. तेवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता.

"निम्म्या मापाचा काढते," ती म्हणाली. "सात मिनिटं. चौकटीत मधोमध बसेल, कडेनं कोरं राहील."

"लोक म्हणतील, बापाच्या फोटोत काटकसर केली," तुरात म्हणाला.

"म्हणू देत. तू ठरव."

त्यानं मान हलवली. सात मिनिटं तिघंही यंत्राकडे बघत राहिले. प्रिंटरचं शाईचं डोकं इकडून तिकडे सरकायचं, केसभर कागद पुढे यायचा. आधी टोपीचं टोक आलं, मग शिवण, अखंड. चुलत्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

"मांडीवर आडवा धर, काच बंद ठेव, शाई ओली आहे," एवढंच ती म्हणाली.

दुपारी चारला तुरातचा फोन आला. खिंडीत डोंगरावरून उतरणारे कळप आडवे आले होते.

"उशीर झाला, एजे. पोचलो तेव्हा पुरुष बाबांना घेऊन कबरस्तानाकडे निघाले होते. मी मागून धावत गेलो."

सालकिन खुर्चीत बसली. ती सात मिनिटं आता परत कुठून आणणार?

"आणि फोटो?"

"युर्तमध्ये बायकांकडे दिला. आई रिवाजाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, एवढासाच का? मग चौकटीतून काढायला लावला, आणि मांडीवर घेऊन बसली. अजून सोडलेला नाही."