जाळी देता आली, भोंगा नाही

नायलॉनच्या जाळ्यांचे गठ्ठे जीपमधून उतरले, फोटोग्राफर आला, जीएमसाहेबांच्या हातात हारही दिला. पण कोळीवाड्यातून जाळी घ्यायला कोणी पुढे येईना.

नाहूरच्या रंगाच्या फॅक्टरीत मी वेल्फेअर ऑफिसर होते. कॉलेजात शिकवलं होतं की कंपन्या समाजकार्य करतात ते लोकांनी त्यांना आपलं म्हणावं म्हणून, शेजारची कंपनी करते म्हणून, नाहीतर ज्यांचं नुकसान केलं त्यांचं देणं लागतं म्हणून. माझा सगळा भरवसा तिसऱ्यावर. जाळ्यांची कल्पनाही माझीच. कोळीवाड्यात जाऊन विचारायचं मात्र मला सुचलं नव्हतं.

शेवटी हिराबाई पुढे आली. तिचा नवरा खाडीत खुंट्यांना जाळी बांधायचा, ती मुलुंडच्या बाजारात मासळी विकायची.

"जाली नको, बाय. पानी कवा सोरता त्ये सांगा. आदी भोंगा वाजवा, आमी जाली उचलू."

आमची सांडपाण्याची टाकी भरली की ओहोटीला व्हॉल्व्ह उघडायचे, म्हणजे घाण वाहून जाते. कोळ्यांची जाळी भरतात तीही ओहोटीलाच. त्या दिवशीच्या मासळीला औषधाचा वास यायचा. गिऱ्हाईक परत आणून तिच्या टोपलीत टाकायचं.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "सर, भोंगा आहेच. अर्धा तास आधी वाजवायचा, बस."

"मॅडम, जाळी दुप्पट द्या. भोंगा वाजवला म्हणजे आपणच कबूल केलं ना, मासळी आपल्यामुळे नासते?"

"नासतेच, सर."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. गावभर कशाला वाजवायचं? शेजारच्यांनी शाळेला पंखे दिले, पेपरात फोटो आला. आपला कुठाय?"

पुढच्या आठवड्यात फोटो निघाला. आमच्याच कँटीनमधली माणसं जाळी घेऊन उभी केली होती.

व्हॉल्व्ह कधी उघडणार हे मला शिफ्टच्या माणसाकडून कळायचं. हिराबाईला एक चिठ्ठी पाठवली असती तरी चाललं असतं. नोकरी जाईल म्हणून पाठवली नाही. त्याची लाज आजही वाटते.

दोन वर्षांनी हिराबाई गेटवर आली, नवऱ्याला झाडूवाल्याचं काम मागायला. खाडीत जाणं त्याने सोडलं होतं. मीच फॉर्म भरला. ती माझ्यावर रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "बाय, तुझे उपकार हायेत."

तेव्हापासून कुठल्याही कंपनीचं समाजकार्य दाखवलं, की मी एवढंच विचारते: ज्यांना दिलं, त्यांनी मागितलं काय होतं?