धाडच्या पाटीवरचे माझे चौकोन

‘चौकोनात नाव बसत नाही. येऊन पाहा.’ धाडच्या किसन पेंटरचं हे पोस्टकार्ड आलं आणि मी नागपूरहून गाडी धरली. धाड माझ्या आईचं माहेर. तिच्या नावाच्या वाचनालयाचं तिथे उद्घाटन होतं. जायचं होतंच. एक दिवस आधी निघाले, भांडायला वेळ हवा म्हणून.

नवं राज्य झाल्यापासून जिकडेतिकडे मराठी पाट्या लागताहेत, बहुतेक ओबडधोबड. वाचनालयाची पाटी तशी होऊ नये म्हणून आलेखाच्या कागदावर मीच अक्षरं आखून पाठवली होती. कॉन्व्हेंटात सिस्टरनी शिकवलं तशी: प्रत्येक अक्षराला सारखा चौकोन, पाय तळरेषेवर. वर ताकीद, एकही रेघ बदलू नये.

मलकापूर स्टेशनबाहेर चहा घ्या, भजी घेऊ नका. बुलढाण्याच्या एसटीत राजूर घाटासाठी खिडकी मिळवा. बुलढाण्याला गाडी बदलताना तासभर मिळतो, डबा तेव्हाच खावा. धाडला बाजार भरला होता. किसनचं दुकान विचारलं, तर कांदेवाली म्हणाली, “पाटीवाल्या बाई ना तुमी? किसन लय भेऊन राह्यला तुमाले!”

ऐकून बरं वाटलं. किसन मात्र मुळीच भ्यालेला नव्हता. पाटीवर खडूनं माझे चौकोन तंतोतंत उतरवलेले होते. अक्षरं काठोकाठ, वेलांट्या चौकटीला आपटून चपट्या. ‘गिरिजाबाई’ डोक्यावर टोपली दाबल्यासारखी बसली होती.

“हे काय केलंत?”

“तुमीच लिवलं, रेघ बदलाची नाही. मी नाही बदलली.”

“वेलांटीला वर जागा नको?”

“तेच तं मी इचारून राह्यलो बाई. कागदावर काऊन नाही ठेवली?”

इंग्रजी अक्षरांचे चौकोन मी आईच्या नावावर चढवले होते.

“उद्घाटन उद्या आहे,” मी म्हणाले.

“मंग धरा दोरा.”

त्याची आखणी वरून सुरू होते. आधी शिरोरेषा, तिच्यावर मोकळी घरं, मग खाली अक्षरं, ज्याला जेवढी लागेल तेवढी रुंदी. गेरूत भिजवलेल्या दोऱ्याचं टोक मी अंगठ्यानं दाबलं. त्यानं ताणून सोडलं.

“हलू नका बाई, रेघ तिरपी होते.”

हे वाक्य मी तीस वर्षं शाळेतल्या मुलींना ऐकवलं होतं.

संध्याकाळपर्यंत पाटी रंगली. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी माझ्या सुबक आखणीचं कौतुक केलं, तेव्हा उभं राहून किसनचं नाव सांगावं लागलं. कांदेवाली पुढेच बसली होती.

घरी येऊन तीन दिवस झाले, अंगठ्याचा गेरू पुरता निघालेला नाही. आई कागदावर असाच अंगठा उठवायची, शाईचा. तिचं नाव लिहायला मी तिला कधी शिकवलं नाही. कॉन्व्हेंटातून सुट्टीत घरी आले की तिचे उच्चार मात्र मी सुधारायचे.