कौलांवरचा धूर

कन्नडच्या घाटाजवळ, डोंगराच्या कुशीत दोन खोल्यांची चौकी होती. तेच आमचं घर. वडील फॉरेस्ट गार्ड. आई पैठणकडची, सपाट काळ्या रानातली. डोंगर उगाच वाट अडवून बसलेत, असंच तिला वाटायचं. पावसाळ्यात ढग सरळ स्वयंपाकघरात शिरत, तेव्हा शेळी हाकलावी तशी ती त्यांना हाकलायची. मी मात्र त्या ढगांतच वाढले. दुपारी साग, सालई, धावडा, सगळं रान पेंगायचं आणि त्याच्याबरोबर मीही.

"मी चालले माहेरी," हे आईचं रोजचं पालुपद. वडील हसण्यावारी न्यायचे. पण मी त्यांच्याबरोबर फिरतीवर जायला लागले तेव्हा कळलं, परतताना ते माथ्यावरच्या खडकापाशी थांबतात. खाली आमच्या कौलांवर धूर दिसला की मगच बिडी पेटवतात.

करवंदांच्या दिवसांत एका संध्याकाळी धूर दिसला नाही. मला पाठुंगळी घेऊन वडील पळत सुटले. दाराला बाहेरून कडी. ते उंबऱ्यावर मटकन बसले. त्यांचा तो चेहरा बघून मला रडूच आलं. तेवढ्यात ओढ्याकडून आई आली, पदर भरून करवंदं, ओठ जांभळे.

"अवो, लई गोड व्हती. वेळेचं ध्यानच नाय ऱ्हायलं."

वडिलांनी बिडी पेटवली. खडकाचं गुपित मीच फोडलं.

दुसऱ्या दिवसापासून आई संध्याकाळी चुलीत मुद्दाम ओला पाला घालायला लागली. डोळे चोळत खोकायची, वडिलांच्या नावानं बोटं मोडायची. सकाळी पुन्हा "मी चालले माहेरी" होतंच.

पुढं वडील निवृत्त झाले आणि आम्ही शहरात, औरंगपुऱ्यात आलो. गॅस आला, धूर गेला. भाजी घेऊन परतताना वडील गल्लीच्या तोंडाशी थबकून वर बघायचे. आईनं ते हेरलं आणि रोज दिवेलागणीला गॅलरीत ऊद जाळायला लागली. शेजारणीनं विचारलं तर म्हणायची, "डास लई झालेत."

आई गेली. तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी, वडिलांना बरं वाटेल म्हणून मी गॅलरीत ऊद लावला. जिन्यात धडधड पावलं वाजली. सत्तरी उलटलेले वडील हातात पिशवी घेऊन दारात उभे, धाप लागलेली. ते माझ्याकडं बघत राहिले.

"तू व्हय," म्हणाले.

मी ऊद विझवला. पुन्हा कधी लावला नाही.