खेळातली कोरी जागा

डॉक्टर म्हणाले, "बाबूजी, तुम्हाला स्ट्रोक झाला आहे." म्हणजे मेंदूत रक्त अडकलं. "त्यामुळे नेग्लेक्ट आहे." म्हणजे डोळे चांगले, पण डावीकडचं जग मेंदू धरतच नाही.

मी म्हणालो, "मले सारं दिसते. तुमची मशीन तपासा."

पंडरीच्या कापडबाजारात चाळीस वर्षं कापड मोजलं मी. चौथी शिकलो, पण एक बोट इकडचं तिकडं झालं नाही. मी काहून ऐकू?

दुसऱ्या दिवशी जेवण आलं. ताटात भातच, भाजी नाही. मी ओरडलो. सिस्टर दीदीनं ताट फिरवलं, तर भाजी आली. मले वाटलं, आत्ताच वाढली.

मग आवाज आला, "अहो, पाणी देऊ?" माह्या बायकोचा, सुमनचा. पाहिलं तर खिडकी, सलाईन, भिंत. माणूस नाही. कपाळावरून हात फिरे, पण हाताचं माणूस दिसेना.

तवा मी समजलो. सुमन गेली. लोकं लपवून राहिले, आणि तिचा जीव माह्यात अडकला. भ्यालो, पण कोणाले बोललो नाही. आवाज आला की डोळे मिटून घेई.

चौथ्या दिवशी नात रियानं मन रमावं म्हणून मोबाइलवर शब्दांचा खेळ लावून दिला. चौकोनात अक्षरं, बोट फिरवून शब्द जोडायचे. मी भराभर जोडले.

"आजोबा, आधे तो छोड़ दिए."

"खोटं नको बोलू पोट्टे. खेळच तेवढा हाय."

तिनं मोबाइल हळूहळू उजवीकडं सरकवला. जिथं काहीच नव्हतं, तिथून एकेक अक्षर निघून आलं. मले ताटातली भाजी आठवली, अन् कपाळावरचा हातही.

मी हळूच विचारलं, "तुही आजी जिती हाय का?"

पोरगी घाबरली. "आजी तो यहीं बैठी हैं. चार दिन से."

तिनं माही हनुवटी धरून मान वळवली. दाराची चौकट आली, स्टूल आलं, हिरवं लुगडं आलं, मग सुमनचं तोंड. लग्नात नवऱ्याच्या डावीकडं बसवलं, तवापासून तिची जागा तीच. दवाखान्यातही स्टूल तिकडंच मांडलं होतं तिनं.

"मले वाटलं, तुम्ही रुसले," ती म्हणाली. "आवाज दिला की डोळे मिटत होते."

"उजवीकडं ये."

"मी नाही हलत. तुम्ही मान वळवा."

डॉक्टर म्हणाले, आजी बरोबर बोलल्या, हीच तुमची कसरत.

तुमच्या घरच्या पेशंटनं अर्धं ताट तसंच ठेवलं तर रागावू नका, ताट फिरवा. आणि तो उगाच डोळे मिटत असंन, तर त्याले काय वाटून राहिलं ते विचारा. आम्ही अडाणी, अहंकारी माणसं आपणहून सांगत नाही.

अजूनही सकाळी डावी बाजू कोरीच असते. मी मान वळवतो. ती दिसेपर्यंत वळवतो.