पपईची फोड

माझी लेक तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. बोट दाखवायची, ओढत न्यायची, नाहीतर रडायची. आम्ही रसायनीत कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. वाणी-उपचार करणाऱ्या बाई कर्जतला होत्या, तिथे तिला घेऊन गेले.

कान तपासून झाले होते, ते ठीक होते. बाईंनी विचारलं, "पोट रोज साफ होतं का हिचं?"

मी गोंधळले. "नाही. फार कुंथते, रडते. पण आम्ही बोलण्यासाठी आलोय."

"तेच विचारतेय. खाते काय?"

"दूध आणि बिस्किटं. बाकी सगळं थुंकते."

त्या म्हणाल्या, "जेवणानं बोलणं येतं असं नाही. पण पोट दुखत असलं तर ती माझ्यासमोर बसणार कशी? शिवाय चावण्याने तोंडालाही काम मिळतं. आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा."

डॉक्टरांनी रक्त तपासलं, ते कमी निघालं. लोहाचं आणि पोटाचं औषध दिलं, दूध कमी करायला सांगितलं.

माझी नोकरी होती. पोशीरहून सासूबाईंचा फोन आला, "मी येते. तू कामावर जा, पोरीचं मी बघते."

त्या आल्या आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. नाचणीची आंबील, भाजी कुस्करलेला मऊ भात, ताक. बाईंनी शिकवल्याप्रमाणे पोरीसमोर मांडी घालून बसायच्या, घास दाखवून त्याचं नाव घ्यायच्या आणि थांबायच्या. पोर ताट ढकलायची. सासूबाई फरशी पुसून म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे गं. उद्या खाईल."

हळूहळू पोट सुधारलं. कुंथणं, रडणं थांबलं. बाईंकडे ती पहिल्यांदा पूर्ण वेळ बसली, त्यांच्या ओठांकडे बघत.

एका रविवारी सासूबाई पपई खात होत्या. पोर शेजारी येऊन बसली. त्यांनी फोड उचलली, "पपई," म्हणाल्या आणि हात तसाच धरला. बराच वेळ गेला. मग पोर म्हणाली, "पपै."

सासूबाईंनी काही गाजावाजा केला नाही. फोड तिच्या हातात दिली, आत गेल्या आणि पदराने डोळे पुसत उभ्या राहिल्या. मी त्यांना मिठी मारली. आमच्यात तशी पद्धत नाही, पण मारली.

नंतरही बाईंकडे खूप खेपा झाल्या. आता ती बालवाडीत जाते. 'र' अजून जमत नाही, तरी तोंड बंद नसतं. सासूबाई गावी परतल्या, तर पोर रोज फोनवर त्यांना दिवसभराचं सगळं सांगते. परवा त्या मला म्हणाल्या, "आता हिला गप कोण बसवनार गं?"

मी म्हटलं, "कोणी नको, आई."